फ्रीजमधली भिंत

सूर्यकांत हुपरीकरांचं घर पाहिलं की लोक दोन वाक्यं बोलत. पहिलं, ‘काय घर आहे हो!’ आणि दुसरं, ‘पाडताय कधी?’ पहिल्या वाक्याला सूर्यकांतराव किंचित मान झुकवत आणि दुसऱ्याला चष्मा पुसायला घेत. त्यामुळे त्यांचा चष्मा कायम लख्ख असे.

घर होतंच तसं. बेंगळुरातल्या आख्ख्या जयनगरात छपरं मधे उंच आणि कडेला उतरती होती, त्या काळात अप्पांनी, म्हणजे सूर्यकांतरावांच्या वडिलांनी, मधे खोल आणि दोन्ही कडांना वर उचललेलं छप्पर बांधून घेतलं. अप्पा विमानांच्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर पंख काढून काढून माणसाचा हात तसाच वळत असणार. रिक्षावाले त्या घराला ‘रेक्के मने’ म्हणत, म्हणजे पंखांचं घर. दारावर गोल खिडकी होती. पोर्चचा स्लॅब खांबाचा आधार न घेता भलताच पुढे आलेला होता. तो आज पडेल, उद्या पडेल असं साठ वर्षं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच आधी निघून गेले. रविवारी आर्किटेक्चर शिकणारी मुलंमुली समोरच्या फुटपाथवर बसून घराची चित्रं काढत. लग्न ठरलेली जोडपी न विचारता फाटकाला टेकून फोटो काढून घेत. एकदा सूर्यकांतरावांच्या पत्नीने, सुनंदाबाईंनी, अशा एका नवरदेवाच्या हातात पाण्याचा पाइप दिला, उभेच आहात तर कुंड्यांना घाला म्हणून. तोच फोटो सगळ्यांत छान आला म्हणे.

घर दोघांच्या नावावर होतं, सूर्यकांतरावांच्या आणि पुण्याला दिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, हेमलता अक्कांच्या. अक्का सत्तरीच्या घरात आल्या होत्या आणि दरवर्षी फोनवरून गळक्या मोरीची बातमी ऐकून कंटाळल्या होत्या. एका बिल्डरने त्यांना पुण्यात गाठून कागद दिले होते. अक्कांनी सरळ सांगितलं, “सूर्या, गौरी-गणपतीला येते. घर एकदा डोळे भरून बघते आणि सही करते. डबडं झालंय रे त्याचं.”

सूर्यकांतरावांच्या छातीत ‘डबडं’ हा शब्द रुतून बसला. या घराशिवाय आपण कुठे राहू हा प्रश्न नव्हता. बिल्डर दोन फ्लॅट देणारच होता. या घराशिवाय आपण कोण राहू, हा प्रश्न होता. आणि नेमका त्याच आठवड्यात नारळ पडला.

अंगणातल्या माडाचा तो नारळ पडला तो थेट दिवाणखान्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर. ही भिंत म्हणजे सिमेंटची जाळी होती. फूटभर लांबीरुंदीचे चौकोनी ठोकळे, प्रत्येकाच्या मधे एक मोठी चौकोनी खिडकी, असे ओळीवर ओळ रचलेले. पावसाची झड येते म्हणून बाहेरून तिच्यावर निळी ताडपत्री ठोकलेली होती आणि आतून सूर्यकांतरावांना निवृत्तीत मिळालेल्या ढालींचं शोकेस उभं होतं, तेव्हा भिंत अशी कुणाच्या नजरेला पडत नसे. नारळाने ताडपत्रीसकट एक ठोकळा फोडला आणि मग मात्र ती सगळ्यांना दिसायला लागली.

“एकच ठोकळा बदलायचा,” सूर्यकांतराव म्हणाले. “अक्का यायच्या आत होईल.”

सुनंदाबाईंनी बादल्या भरून ठेवायला घेतल्या. नवऱ्याचं ‘एकच’ त्यांनी आधीही ऐकलेलं होतं. एकच नळ बदलायला काढला तेव्हा घरात आठवडाभर पाणी नव्हतं.

भोक पडल्याची वार्ता गल्लीत पसरली. पहिले आले शेजारचे व्यंकोजीराव. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून बेंगळुरात, त्यामुळे त्यांची मराठी आणि कानडी एकमेकींच्या घरात न सांगता ये-जा करत.

“स्वल्प ऐका सूर्यकांतराव,” भोकातून डोकं आत घालून ते म्हणाले. “पूर्वेला भोक पडलं, हे चांगलं की वाईट, ते विचारून घ्या. माझ्या माहितीचे एक जोयिसरु आहेत, मोठे ज्योतिषी. चांगलं असेल तर ठेवा. वाईट असेल तर घरच काढा. मधलं काही करू नका, सरी?”

मागोमाग आला क्षितिज. हा नागपूरचा मुलगा वरच्या खोलीत भाड्याने राहायचा आणि बेळ्ळंदूरच्या ऑफिसात जायचा; जायचा म्हणजे बहुतेक वेळ त्या वाटेवरच असायचा.

“काका, सिंपल आहे. थ्रीडी प्रिंट करू. प्लास्टिकमध्ये. वर सिमेंट कलर मारायचा. कोणाला कळणार पण नाही.”

“मला कळेल,” सूर्यकांतराव म्हणाले.

ते खरंच होतं. सूर्यकांतराव अप्पांच्याच कारखान्यात, तपासणी विभागात होते. उभ्या नोकरीत त्यांनी केसाच्या जाडीच्या फरकाने भाग नापास केले होते. ‘रिजेक्ट’ हा शब्द ते इतक्या शांतपणे उच्चारत की समोरच्या माणसाला आधी आभार मानावेत असंच वाटे. घरीही ती सवय सुटली नव्हती. लाडू एका आकाराचे नसले तर ते एक-दोन बाजूला काढत. अर्थात बाजूला काढलेले तेच खात.

ठोकळ्याच्या शोधात ते चिकपेटला गेले. त्या गर्दीत खांदे घासत दहा दुकानं पालथी घातल्यावर एका दुकानदाराने मोठ्या प्रेमाने त्यांच्यासमोर मोराची जाळी ठेवली, मग हंसाची, मग एक ओम असलेली. साधा चौकोन म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. “सर, साधा चौकोन आता कोण बनवतो?” तो म्हणाला. “त्यात डिझाइन काय आहे?” सूर्यकांतराव त्याला साठ सालच्या त्या चौकोनाचं मोठेपण समजावून सांगू लागले, तेव्हा मागच्या गिऱ्हाइकाने त्यांना हळूच बाजूला सरकवलं.

घरी येऊन त्यांनी निश्चय केला. ठोकळा बनवून घ्यायचा. बोम्मसंद्र्याला हरीचा साच्यांचा कारखाना होता. हा बेळगावकडचा हरी एके काळी त्यांच्या हाताखाली उमेदवार होता, आणि आता केस पांढरे झाले तरी त्यांचा फोन आला की खुर्चीतून उठून उभा राहून बोलायचा. सूर्यकांतरावांनी भोकाचं माप घेतलं. साध्या टेपने नव्हे, व्हर्नियरने. टेप म्हणजे शिंप्याचं काम. मग अप्पांचा ड्रॉइंग बोर्ड काढून तीन बाजूंनी तीन दृश्यं काढली, आणि प्रत्येक मापापुढे सवयीने टॉलरन्स, म्हणजे मापातली सूटही लिहिली: अधिक-उणे मिलिमीटरचा पन्नासावा भाग.

सिमेंटच्या ठोकळ्याला.

ड्रॉइंग पाहून दुसऱ्या कोणीही हसून फोन केला असता. हरी हसला नाही. साहेबांच्या ड्रॉइंगवर प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं हे त्याने तरुणपणी पाहिलं होतं. त्याने विमानाच्या भागासाठी करावा तसा पोलादी साचा केला, सिमेंट चाळून घेतलं आणि आठवडाभरात स्वतः टेम्पोत बसून आला. टेम्पो ठोकळ्यांनी गच्च भरलेला होता.

“हरी, मी एक सांगितला होता.”

“होय सर. पण तुम्ही शंभरातला एखादाच पास करायचात,” हरी हात बांधून म्हणाला. “म्हणून निवडायला बरे पडतील असे आणले. राहिलेले रिजेक्ट करा सर. माझी काही हरकत नाही.” पैशाचं नावही त्याने काढू दिलं नाही.

ठोकळे फाटकापासून फुटपाथपर्यंत रचले गेले. सूर्यकांतरावांनी दोन दिवस एकेक ठोकळा तपासला आणि नोकरीत कधी न झालेली गोष्ट झाली, त्यांना नापास करायला काही सापडेना. त्यांची झोप उडाली. शेवटी त्यांनी डोळे मिटून एक उचलला आणि मुनियप्पा मेस्त्रीला बोलावलं.

मुनियप्पाने ठोकळा भोकापाशी नेला. टेकवला. दाबला. पुन्हा दाबला. मग वळून त्याने विचारलं, “सार, सिमेंट कुठे भरू?”

सूर्यकांतरावांनी ड्रॉइंग पुन्हा उलगडलं. त्यांनी भोकाचं जे माप घेतलं, कडेच्या सिमेंटला लागणाऱ्या जागेसकट, तेच तंतोतंत ठोकळ्याचं माप म्हणून लिहिलं होतं. ठोकळा भोकाएवढाच होता, आणि भोकाएवढी वस्तू भोकात जात नाही. विमानाच्या कारखान्यात अशी घट्ट बसणारी कामं ते रोज पाहायचे. बेअरिंग त्याच्या खोबणीएवढंच असतं; मग ते गोठवतात, आकसलं की सरकवतात, आणि पुन्हा तापलं की ते जन्मभर हलत नाही.

सुनंदाबाईंनी सकाळी इडलीचं पीठ काढायला फ्रीज उघडला आणि तशाच उभ्या राहिल्या.

“अहो,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “फ्रीजमध्ये भिंत का ठेवली आहे?”

“आकसतेय,” सूर्यकांतराव पेपरमागून म्हणाले.

“आणि पीठ?”

“बाहेर आहे. फुगतंय.”

ठोकळा आकसला नाही; सिमेंटला विमानाची शिस्त नसते. नुसता गारठला, आणि सूर्यकांतराव तो टॉवेलात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा घेऊन धावत आले तेव्हा फाटकाशी उभ्या व्यंकोजीरावांनी नमस्कारच केला. ठोकळा कोपऱ्यावर अर्धं बोट आत शिरला. सूर्यकांतरावांना वाटलं, आता एक हलकी थाप. मुनियप्पा म्हणत होता, “सार, जोरात मारा, काही होत नाही.” त्यांनी रबरी हातोड्याने एक हलकी थाप दिली.

शेजारच्या ठोकळ्याने ‘कट्’ असा आवाज केला. मग वरच्याने. मग साठ वर्षं उभ्या असलेल्या भिंतीने थोडा विचार केला आणि ओळीमागून ओळ, अगदी शिस्तीत, बाहेरच्या क्रोटनच्या कुंड्यांवर बसली. वरचा स्लॅब मात्र हललाही नाही; अप्पांनी तो जाळीवर टेकवलेलाच नव्हता. ताडपत्री अलगद खाली आली. धुरळ्यात फक्त नव्या ठोकळ्याचा गारठलेला चौकोन सूर्यकांतरावांच्या हातात अखंड उरला.

“काही होत नाही म्हणालो होतो,” मुनियप्पा म्हणाला, “ते भिंतीला सोडून.”

अक्कांचं येणं चार दिवसांवर आलं होतं. सूर्यकांतराव पायरीवर बसले. दिवाणखाना आता थेट बागेत उघडत होता आणि त्यांच्या निवृत्तीच्या ढालींवर एक खारूताई फिरत होती. हे मात्र खरं डबडं झालं, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना रडू येईल की काय असं वाटलं. सुनंदाबाई शेजारी येऊन बसल्या. पिठाबद्दल त्या अजून रागावलेल्या होत्या, पण त्यांनी हात नवऱ्याच्या हातावर ठेवला.

“ठोकळे आहेत ना टेम्पोभर,” त्या म्हणाल्या. “मग रडताय काय?”

रचायला सुरुवात होते न होते तोच वॉर्ड ऑफिसातले इंजिनिअर स्कूटरवरून उतरले. फुटपाथवर ठोकळे, आत मेस्त्री, म्हणजे बांधकाम. त्यांनी कानडीत विचारलं, मंजूर नकाशा कुठे आहे? नवीन बांधकाम आहे, पाडकाम आहे की वाढीव आहे?

“जुनं होतं तसंच पुन्हा करतोय,” सूर्यकांतराव म्हणाले.

इंजिनिअरांनी मोबाइलमधला अर्ज खालीवर केला. पुन्हा वर केला. “सर, असं कोणी करत नाही,” ते म्हणाले. “त्यामुळे त्याला कॉलम नाही.” सूर्यकांतरावांनी त्यांना कॉलम कसा असावा हे समजावून सांगितलं, त्याने प्रकरण आणखी चिघळलं. काम बंद ठेवा, सणानंतर या, असं ठरायला आलं होतं. तेवढ्यात सुनंदाबाई कॉफी घेऊन आल्या आणि इंजिनिअर कॉफी पिता पिता घर बघू लागले. गोल खिडकी पाहिली. पोर्चखाली उभं राहून वर पाहिलं. मग आवाज बदलून म्हणाले, “शाळेत जाताना रोज या घरासमोर थांबायचो. हे विमान कधी उडणार म्हणून.” कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “घरी गणपती बसतो?”

“बसतो तर!”

“मग हे डेकोरेशन आहे.” त्यांनी नोंद केली: गणपतीची आरास, तात्पुरती, सिमेंटची. “विसर्जनानंतर काढायचं, बरं का,” ते कडक आवाजात म्हणाले आणि फाटकातून निघताना एक फोटो काढून घेऊन गेले.

आता व्यंकोजीराव, क्षितिज, हरी, सगळेच कामाला लागले. क्षितिजने सुट्टी घेतली आणि दर तासाला ऑफिसात कुणाला तरी ‘आय ॲम ऑन अ साइट’ असं सांगत राहिला. मुनियप्पाने सवयीप्रमाणे जाड सिमेंट कालवलं, पण पहिल्या ओळीलाच लक्षात आलं की या ठोकळ्यांना ते नकोच होतं. एकावर एक ठेवावा तर मधे नखही शिरत नव्हतं. पातळ लेप लावला की बसले, जणू तिथेच जन्मले होते. जाड सिमेंटची जागा चुकून ठोकळ्यातच गेली होती, त्यामुळे ओळीही जुन्याइतक्याच भरल्या. पन्नासाव्या भागाची ती हास्यास्पद सूट, ती चूक, सगळं जागच्या जागी बसत गेलं. शेवटचा ठोकळा हाताने सरकला आणि ‘टक्’ असा आवाज झाला. मुनियप्पाने हातातली थापी खाली ठेवून भिंतीवरून हात फिरवला. हरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सर, पास?”

“हं,” सूर्यकांतराव म्हणाले. “असंच ठरवलं होतं.” सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या पीठ बघायला आत गेल्या. ताडपत्री फाटली होती आणि शोकेसची काच फुटली होती, म्हणून दोन्ही परत लागली नाहीत.

अक्का आल्या त्या ढगाळ दुपारी. पुण्यात पन्नास वर्षं काढल्याने त्यांना सगळ्यांतलं चुकीचं एका नजरेत दिसत असे. मोरी पाहिली, छताचा ओलावा पाहिला, भिंत पाहिली. “नवी केलीस? कशाला खर्च?” म्हणाल्या आणि कागदांची पिशवी दिवाणावर ठेवून मोदकांना कळ्या कमी पडल्यात हे सांगायला आत गेल्या. गणपती बसला. दुसऱ्या दिवशीही ढग. सूर्यकांतराव मोदकाचा घास तोंडात फिरवत राहिले. बहिणीला सांगण्यासारखं त्यांच्यापाशी खूप होतं, पण ते माप घेऊन सांगता येण्यासारखं नव्हतं.

गौरी आल्या त्या सकाळी ऊन पडलं.

अक्का चहाचा कप घेऊन दिवाणावर बसल्या होत्या, एका हाताने पिशवीतला पेन शोधत होत्या. ऊन जाळीतून आलं आणि तांबड्या ऑक्साइडच्या जमिनीवर चौकोन उमटले. एक, मग त्याच्या पुढे एक, मग ओळीने, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. मधे सावलीच्या सरळ पट्ट्या. ताडपत्री आणि शोकेस आल्यापासून त्या जमिनीवर ऊन पडलंच नव्हतं. सूर्यकांतराव स्वतःच ते विसरले होते.

कप बशीत वाजला.

“सूर्या,” अक्का म्हणाल्या, आणि पुण्याची पन्नास वर्षं त्यांच्या आवाजातून गळून पडली. “सूर्या, कुंटेबिल्ले!”

कुंटेबिल्ले म्हणजे खापरी टाकून खेळायची लंगडी, इथे उन्हातली. शाळेत जायच्या आधी दोघं रोज खेळायचे. चौकोनात एका पायाने उड्या मारायच्या, सावलीला पाय लागला की बाद. ऊन चढेल तसे चौकोन आखूड व्हायचे, म्हणून घाई. खडूची गरज नव्हती. अप्पांनी घरच आखून दिलं होतं. धाकटा सूर्या परीक्षक असायचा आणि दर वेळी अक्काला बाद करायचा, कारण दर वेळी तिचा पाय लागायचा. अक्का रडायची. मग त्याला धपाटा घालायची.

अक्का उठल्या. खिडकीत ठेवलेला जुन्या फुटक्या जाळीचा तुकडा त्यांनी उचलला आणि उन्हात टाकला. नऊवारीचा काठ वर खोचला.

“अक्का, गुडघे!” सुनंदाबाई ओरडल्या.

“गप गं. सूर्या, ऐक. उंबऱ्यापर्यंत गेले तर घर ठेवायचं. पाय लागला तर सही. परीक्षक तू. बघ नीट, नेहमी बघायचास तसं.”

प्रसादाला आलेले व्यंकोजीराव दारात थबकले. क्षितिज जिन्यावर थांबला. अक्का एका पायावर उभ्या राहिल्या, डुगडुगल्या, आणि निघाल्या. पहिला चौकोन. दुसरा. प्रत्येक उडीला घरातली भांडी किणकिणत होती. “स्वल्प बाजूला व्हा!” त्या कुणाला तरी म्हणाल्या, वाटेत कुणीच नव्हतं. चौथ्यावर त्यांनी हवेत हात फिरवले. उंबऱ्यालगतच्या शेवटच्या चौकोनात त्या धपकन उतरल्या आणि तोल सावरत एका पायावर उभ्या राहिल्या, लालबुंद, धापा टाकत, सात वर्षांच्या मुलीसारख्या हसत.

“सांग!”

सूर्यकांतरावांनी चष्मा पुसला. ते गुडघ्यांवर बसले, वाकले, जमिनीला गाल लावला. अक्कांची टाच सावलीच्या पट्टीवर होती. थोडीथोडकी नाही, चांगली तीन बोटं. आंधळ्यालाही दिसली असती. त्यांनी उभ्या जन्मात केसाएवढ्या फरकाला सोडलं नव्हतं. ते पुन्हा एकदा बघत राहिले.

“पास,” ते म्हणाले. “टॉलरन्समध्ये आहे.”

“मग इतका वेळ काय करत होतास रे मेल्या!” अक्का म्हणाल्या, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग कुठे दुसरा पाय खाली टेकला.